कडुनिंबाच्या ठरावाला अनुमोदन

ती. व्यंकटदादांना सिडकोतून श्रीरंगचा नमस्कार.

तुमची तब्येत बरी असावी असं तुमची बहीण भानुमती म्हणते. (तुम्ही फोनवर ‘ठणठणीत’ म्हणालात की ती दिवसभर काळजी करते.) बीपीची गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हा तुमचा डॉक्टरांशी चाललेला वाद मिटला का? नसेल तर मिटवू नका. कारण पुढे येईलच. इकडे सगळे बरे आहेत. नळाला आठवड्यानं का होईना पाणी येतं, तेही खुशालीतच धरावं. फोनच केला असता, पण सूनबाई अश्लेषा घरी आहे आणि हा मजकूर तिच्या कानावर जाऊ नये असा आहे.

आमच्या खालच्या मजल्यावरचे अप्पाराव तुम्हाला ठाऊक आहेतच. गंगापूरच्या शाळेत तुमच्याच वर्गात होते. (वर्गात पहिलं कोण यायचं, यावर तुम्हा दोघांची विधानं जुळत नाहीत.) वाळूजच्या कारखान्यातून ते रिटायर झाले तेव्हापासून आम्ही दोघं रोज सकाळी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बाकावर बसून भांडत आलो. विषयाला बंधन नव्हतं. सरकार, क्रिकेट, भाकरी जाड की पातळ, पेरू कापून खावा की दातानं तोडून. ते म्हणायचे, तुम्हाला डोकंच नाय. मी म्हणायचो, तुमच्या डोक्यात भुसा. मग भानुमती वरून हाक मारायची आणि आम्ही वर जाऊन चहात साखर किती हवी यावर भांडायचो. एखाद्या दिवशी ते बाकावर दिसले नाहीत, तर मी थर्मामीटर घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचो.

आता अश्लेषाचं सांगतो. ती वाळूजच्या एका कंपनीत लोकांना मतभेद सभ्यपणे कसे मांडावेत ते शिकवते. (पगार चांगला आहे, म्हणजे मतभेद भरपूर असणार.) एकदा तिची घरून मीटिंग चालू असताना आमचा आवाज तिकडे ऐकू गेला आणि साहेबांनी विचारलं, पोलीस बोलावू का? पोरगी चिडली नाही. न चिडणं हा तिचा पेशाच आहे. तिनं मला समोर बसवून नियम सांगितले. आवाज खाली ठेवायचा, समोरच्याला तोडायचं नाही, आणि उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडून दाखवायचं. हे शेवटचं मला फार आवडलं. कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या मनातल्या टिपण्याच मी लिहिल्या. त्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

अशात सोसायटीची मीटिंग आली. अप्पारावांचं म्हणणं, पाण्याचा टँकर आत वळत नाही, सबब कडुनिंब तोडावा. माझा कडवा विरोध होता. (बाक त्याच झाडाखाली आहे.) अप्पाराव सवयीप्रमाणे दुसऱ्याच वाक्याला टँकरवाल्याच्या सोयरिकीत शिरले आणि तिथंच अडकले. मी उठलो, त्यांचे आभार मानले आणि म्हणालो, आधी यांची बाजू मांडतो. टँकर रस्त्यावर उभा, पाइप पुरत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या सारजाबाई या वयात बादल्या चढवतात, स्वतः अप्पारावांचा गुडघा जिन्यात कळ काढतो. बोलता बोलता माझाच हात खिशातल्या रुमालाकडे गेला. सारजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझी बाजू मांडायच्या आत सगळे हात वर गेले. ठराव एकमतानं मंजूर; सूचक अप्पाराव, अनुमोदक मी.

लोक टाळ्या वाजवत होते. मी अप्पारावांपुढे हात केला आणि म्हणालो, आपल्या मताचा मी आदर करतो. त्यावर ते म्हणाले, “भांडून जिंकलो असतो तर पेढे वाटले असते. हे तर भीक घातल्यावाणी झालं. मी काय तुमचा व्याही हाय का, इतकं अदबीनं बोलाया?” आणि निघून गेले.

त्या दिवसापासून ते बाकावर येत नाहीत. जिन्यात भेटले की नमस्कार करतात. दादा, दोन्ही हात जोडून. मग मलाही करावा लागतो. सकाळी मी एकटाच बसतो. मनात कुठलंही मत आलं तरी ते विनातक्रार मंजूर होतं, आणि फार उदास वाटतं. भानुमतीशी भांडून पाहिलं, तर ती “बरं” म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

आता झाडावर महापालिकेची नोटीस लागली आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. माझी आहे, पण अनुमोदकानं ती कुठल्या तोंडानं कळवायची? काल खिडकीतून पाहिलं, तर अप्पारावही त्या नोटिशीसमोर उभे होते. चष्मा घरी विसरले होते, म्हणजे वाचत नव्हते, तरी बराच वेळ हलले नाहीत. हरकत त्यांचीही असावी. पण ते पडले सूचक. खाली जावंसं वाटलं. पण गेलो असतो तर पुन्हा नमस्कारच झाला असता.

असो. वहिनींना नमस्कार सांगा, तिकडच्या चिल्ल्यापिल्ल्यांना आशीर्वाद.

तुमचा,
श्रीरंग

ता. क. : एक छोटं काम होतं. अप्पारावांना फोन करून सांगा की श्रीरंगनं तुमच्याबद्दल अद्वातद्वा लिहिलंय. अडेलतट्टू, अर्धवट, डोक्यात भुसा, शिवाय तुम्हाला सुचेल ते घाला. माणूस रागानं जिना चढून माझ्या दारात यायला हवा. एकदा आला की नोटिशीचं आम्ही दोघं भांडत भांडत बघून घेऊ.

ता. क. २ : भानुमती म्हणते, कंजूष मात्र म्हणू नका, ते त्यांच्या मनाला लागेल. आणि शिव्या सांगून झाल्या की गुडघा कसा आहे, तेवढं विचारून मला कळवा. मी विचारलं की ते म्हणतात, आपल्या कृपेनं बरा आहे.