रोज चारला कापी

३ फेब्रुवारी, सोमवार
पोचले एकदाची म्हैसूरला! साताऱ्यापासूनच्या बसप्रवासाने अंग आंबलंय, पण अग्रहारातली ही खोली बघून शीण गेला. मालकीण सोयराबाई, चार पिढ्यांपासून इथल्या. घरात मराठी बोलतात, निदान त्यांची तशी समजूत आहे. दारातच म्हणाल्या, "सुम्ने बसा, कापी करून देते." सुम्ने म्हणजे निवांत आणि कापी म्हणजे कॉफी, हे कळायला मला पाच मिनिटं लागली. खूप हसले. आमच्याकडे कॉपी परीक्षेत करतात! इथे पेल्याला लोटा म्हणतात; त्या लोट्यातली कॉफी मात्र फर्मास होती.

५ फेब्रुवारी
ऑफिस येलवालच्या रस्त्यावर, माणसं जेमतेम अकरा. साहेबांचं नाव वादिराज. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव 'साक्षी'. विंडोजवर माणूस काहीही कॉपी करतो, ते पेस्ट होईपर्यंत क्लिपबोर्डवर थांबतं. साक्षी ते तिथेच वाचते आणि गिऱ्हाईक कंपनीच्या मालकाकडे नि आमच्याकडे नोंद पाठवते: कुठलं मशीन, किती वाजता, काय मजकूर. थोडक्यात, चहाडखोर बाई. मला तिचं पोट दुखतंय का ते बघायचंय. सहा महिने प्रोबेशन.

१३ फेब्रुवारी
आठवडाभर एकच रडगाणं चाललं होतं, प्रत्येक नोंद दोनदा येते. आज सापडलं. साक्षी मजकूर वाचताना मागची रिकामी जागा छाटते आणि मजकूर परत क्लिपबोर्डवर ठेवते. मग विंडोज तिला सांगतं, क्लिपबोर्ड बदलला गं. आणि ही बया स्वतःचंच बोलणं ऐकून पुन्हा नोंद करते! दोन ओळींत दुरुस्त केलं. "शाबास, अन्विता!" म्हणत वादिराजांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

२० फेब्रुवारी
नंजनगूडच्या एका कारखान्यातून यंत्रांचे नकाशे बाहेर जातात, असा मालकाला संशय आहे. तिथल्या कारकून वेदवती, म्हैसूरच्याच मराठी घरातल्या. त्यांच्या मशीनवरची एक ओळ कुणाला कळेना, म्हणून वादिराजांनी मला बोलावलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, बहिणीला पाठवलेली: 'लॉरीवाल्या भुवनला रोज चारला कापी करून देते. साहेबांना सांगू नको.' मी तिथल्या तिथे इंग्रजीत सांगितलं: रोज चार वाजता ड्रायव्हरला कॉपी करून देते. वादिराज खुर्चीतून उठलेच. मला फार हुशार वाटलं स्वतःबद्दल.

२४ फेब्रुवारी
वेदवतींना काढून टाकलं. ऑफिसात म्हैसूरपाक वाटला. कशावरून पकडलं ते त्यांना सांगितलेलं नाही, साक्षीचं गुपित फुटेल म्हणून. मी दोन वड्या खाल्ल्या.

२८ फेब्रुवारी
त्या बाई तीन दिवस कारखान्याच्या गेटबाहेर उन्हात उभ्या होत्या म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होत्या, मी काय घेतलं? आज तिथेच कोसळल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.
वादिराज म्हणाले, बीपी होता त्यांना.

३ मार्च
आज घरी एक बाई बसलेली. सोयराबाईंच्या नात्यातली तुंगा, वेदवतींची धाकटी बहीण, त्याच कारखान्यात पॅकिंगला. कारखान्याचे कंप्युटर बघणाऱ्या कंपनीत मी आहे हे कळल्यावर तिने माझे हात धरले. गल्लीतली पोरं तिला चोरटीची बहीण म्हणतात. ताई चोर नव्हती, एवढ्या दोन ओळी कागदावर हव्यात तिला, बाकी काही नको. म्हणाली, स्टाफची कॉफी लॉरीवाल्याला द्यायची नाही असा साहेबांचा नियम होता, ताई चोरून द्यायची. तेवढीच तिची चोरी.
आतून सोयराबाई ओरडल्या, "तुंगा, सुम्ने बस, कापी करून देते."
मी तुंगाला सांगितलं की मी फक्त कंप्युटरचं बघते.
आता ही वही उघडली. पहिलंच पान. माझ्याच अक्षरात आहे. मी हसले होते त्या शब्दाला.

४ मार्च
वादिराजांना सांगायला गेले. ते सांगत होते की नंजनगूडमुळे आणखी सहा कंपन्या आल्या आणि मला आधीच कायम करणार आहेत. मी थँक्यू म्हणून बाहेर आले. किती सोपं होतं ते.

५ मार्च
दुपारी ठीक चारला एक नोंद आली. मशीन: वेदवती. मजकूर: 'मी काय कापी केलं?'
कारखान्यात फोन केला. ते मशीन वायरी काढून स्टोअरमध्ये ठेवलंय, वर धूळ आहे.

६ मार्च
चारला पुन्हा. आणि दोनदा. माझी दुरुस्ती जागेवर आहे, तीनदा तपासली. दुसरी नोंद दुसऱ्या मशीनची होती.
मशीन: अन्विता.
मी काहीही कॉपी केलं नव्हतं. कीबोर्डला हात नव्हता. टेबलाजवळ ताज्या कॉफीचा वास. ऑफिसात सगळे चहा पितात.

१० मार्च
नाही राहवत. नोकरी गेली तरी जाऊ दे. वादिराजांना सगळं लिहिलं — शब्द, चूक, माझं नाव. पाठवलं. त्यांनी बोलावून विचारलं, ही काय थट्टा? त्यांच्या पडद्यावर एकच ओळ होती.
'साहेबांना सांगू नको.'
पुन्हा टाइप केलं. तेच. तोंडी सांगायला गेले — काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही, पण ते घाबरून मागे सरले. सुट्टी घे म्हणाले.

११ मार्च
तुंगा पुढच्या खोलीत सोयराबाईंची वाट बघत बसली आहे. तिला कागद देणार. हाताने. इथे क्लिपबोर्ड नाही, विंडोज नाही, शाई आहे फक्त — आधी इथे लिहून बघते —
चार वाजतायत. दाराबाहेर लोटा ठेवल्याचा आवाज. सोयराबाई तर देवळात —
वेदवती चोर नव्हती. चूक माझी. चूक माझी. ती फक्त रोज चारला ती फक्त रोज चारला साहेबांना सांगू नको साहेबांना सांगू नको
हे मी नाही लिहीत हे मी नाही लिहीत
तुंगा, तुझी ताई तुंगा, तुझी ताई चो