मामाचे वीस मैल

३ जून

नाही. रद्द नाही करणार. तू काय म्हणणार ते मला माहितीये, तेच दिवसभर ऐकलंय. माझा मित्र रुबेन म्हणाला, मार्लिसकाकू म्हणाली, आमच्या सायकलच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेला कागदसुद्धा तेच म्हणतोय — पाण्यामुळे ट्रेल बंद. तू वही आहेस. तुझं काम गप्प बसणं.

२२ तारखेला शनिवारी निघायचं. सहा जण, पाच दिवस. क्लिंटनपासून पूर्वेला, जुन्या रेल्वेच्या जागी केलेल्या सायकलच्या ट्रेलने, बहुतेक वेळ मिसूरी नदी उजव्या हाताला. दोनशे तीस मैल आणि वर थोडे. जानेवारीत ठरलंय. जानेवारीत नदी आपल्या जागी होती.

आज ती इथे हर्मनला अठ्ठावीस फुटांवर आहे. एकवीसच्या वर गेली की पूर म्हणतात.

म्हणू देत.

४ जून

नकाशा जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार पेडल ठेवली. लाल पेन.

तीन ठिकाणी पाणी. पहिल्या दोन ठिकाणांना वळसा आहे — मक्यामधून जाणारे खडीचे रस्ते, लांब पण सपाट. जमेल. तिसरं ऱ्हाइनलंडच्या पुढे. तिथे ओढ्याला नदीत शिरता येईना, म्हणून तो उलटा फिरून ट्रेलवर येऊन बसलाय. चार मैल. वळसा एकच: टेकडीवरचा हायवे. धान्याचे ट्रक, पांढरी पट्टी, पट्टी संपली की थेट खड्डा.

मी जाईन. रुबेन तर गाणं म्हणत जाईल. व्हर्जिलमामा नाही जाऊ शकत.

मामाला कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. जिथे बघावं तिथे नेमका धुरकट डाग, आणि दर महिन्याला तो थोडा मोठा होतो. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघतो, तेव्हा कुठे त्याला माझं तोंड दिसतं. सपाट वाटेवर, गाड्या नसतील तर, अजून छान चालवतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पानगळ सुरू होईल तेव्हा सायकल विसरा.

म्हणून जून. म्हणून हाच जून.

५ जून

रुबेनची आयडिया: "म्हाताऱ्याला व्हॅनमध्ये घालू. चार मैल. पुढे उतरवू. त्याला कळणारही नाही."

"डोळे गेलेत, अक्कल नाही गेली," मी म्हटलं.

तरी मामाला विचारलं. तो ओट्याशी उभा राहून बोटांनी चाचपत बटाटे सोलत होता.

"टिले, बाकीचे दोनशे मैल हवं तर गाडीने ने. मागे झोपून येतो. ऱ्हाइनलंड ते ट्रेलोर, वीस मैल, ते चाकावर."

ते वीस मैल त्याचे. रेल्वे होती तेव्हा चौदा वर्षं तो तिथे रूळ राखणाऱ्या तुकडीत होता — स्लीपर बदलायचे, खडी ठोकायची, उन्हात, बर्फात. मग गाडी बंद झाली आणि रूळ उचलायचं कामही त्याच तुकडीला दिलं. स्वतःच बसवलेले रूळ स्वतःच उचलले. मग तिथे ट्रेल झाला, लोक रंगीत टोप्या घालून यायला लागले. मामाने इतक्या वर्षांत तिथे पाऊल ठेवलेलं नाही. नदीच्या पुलावरून जाताना तिकडे मानही वळवत नाही.

"रुसलो होतो," तो म्हणाला. "आता बघायला थोडेफार डोळे आहेत तोवर मिटवून टाकतो."

बटाटा हातातच होता. एका बाजूची साल तशीच राहिली होती.  तसाच उकडला.

७ जून

नदी २९.१ फूट.

दुकानात माणूस नाही. सगळ्या साखळ्यांना तेल दिलं. मग पुसलं. मग परत दिलं.

लिहायला बसले. मैलांचे दगड हीच प्रकरणं, अशी कादंबरी. पहिलं वाक्य आठ वेळा लिहिलं. आठही वेळा त्यात पाणी आलं.

८ जून

सापडला रस्ता!

नकाशावर नाही, हवेतून काढलेल्या फोटोत. बुडालेल्या चार मैलांना अगदी लागून, नदीच्या बाजूने, एक फिकट रेघ. होल्टमायरांचा, पूर अडवायला घातलेला मातीचा बांध. माथा सपाट, एक ट्रॅक्टर जाईल एवढा रुंद. एक ट्रक नाही, एक चढ नाही. आणि होल्टमायर म्हणजे कोण, तर मार्लिसकाकूचा नवरा, वेंडेलकाका! ती आमच्या सहांतली. शाळेची बस चालवते आणि सायकलही बससारखीच चालवते — सगळ्यांच्या मधून, सावकाश, कोणाला पुढे जाऊ न देता.

लगेच गेले. वेंडेलकाका आणि शेजारचे आठदहा जण वाळूची पोती भरत होते. मीही अर्धा तास भरली. मग विचारलं.

"नाही," वेंडेलकाका म्हणाले.

"सहाच सायकली आहेत."

"ओल्या बांधावर चाक नाही. ट्रॅक्टर नाही, घोडा नाही, सायकल नाही. माझ्या बापाने मला लहानपणी ट्रायसिकलवरून खाली उतरवलं होतं."

"व्हर्जिलमामासाठी आहे."

त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. "व्हर्जिलला सांग, ऑगस्टमध्ये ये. मी स्वतः बरोबर चालेन, हात धरून."

ऑगस्टमध्ये. तोवर मामाचा डाग केवढा झाला असेल. मी तिथेच भांडले असते, पण ते मला हाताने बोलवत खाली घेऊन गेले. बांधाच्या पायथ्याशी, शेताच्या बाजूला, जमिनीतून पाणी वर येत होतं, बोटभर कारंजं. भोवती पोत्यांचं कडं रचलेलं, विहिरीसारखं.

"हा उमाळा. नदी खालून वाट शोधते. बुजवायचा नसतो, बुजवला की दुसरीकडे निघतो. कडं करायचं, पाणी आत साठू द्यायचं, आपोआप दमतं." त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन दाखवलं. "हे बघ, स्वच्छ. स्वच्छ असेल तोवर काही नाही. चहासारखं आलं की समजायचं, बांध आतून वाहून चाललाय. मग धावायचं. कोणीही असो, ज्याला दिसलं त्याने धावत येऊन सांगायचं. इथे तेवढा एकच कायदा आहे."

मान डोलावली. लक्ष नव्हतं. बांधाचा माथा बघत होते. किती सपाट!

१० जून

मार्लिसकाकूचा फोन. "त्यांच्यापुढे डोकं आपटू नकोस, मी तेहतीस वर्षं आपटलंय. डोक्यालाच लागतं."

म्हटलं, तू तरी सांगून बघ.

"अगं, त्र्याण्णवला हा बांध गेला तेव्हा आमचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती. कोठार गेलं, डुकरं गेली, माझं शिवणयंत्राचं टेबल चार मैलांवर झाडात सापडलं. तेव्हापासून ते बांधावर बूटसुद्धा हळू टाकतात. तू दुसरा रस्ता बघ, बाळा. आणि सॉसेज किती आणू ते सांग. तुझा तो रुबेन एकटा डझनभर खातो."

दुसरा रस्ता नाही. किती जणांना सांगू!

१२ जून

गेले. कोणाला न विचारता गेले. बस, झालं.

बांधावर गस्त असते, पण सकाळी सातच्या सुमारास सगळे नाश्त्याला होल्टमायरांच्या स्वयंपाकघरात जमतात, हे मार्लिसकाकूनेच बोलता बोलता सांगितलं होतं. सायकल खांद्यावर घेऊन चढले. चार मैल. एका बाजूला नदी, तपकिरी, माझ्या चाकाच्या जवळजवळ बरोबरीने वाहणारी, अख्खी झाडं घेऊन. दुसऱ्या बाजूला, बारा फूट खाली, गुडघाभर मका, हिरवागार, जसं काही झालंच नाही. मामा इथून सहज जाईल. डाव्या कडेने त्याला मका दिसेल, उजव्या कडेने नदी. मधलं न दिसलं तरी बिघडत नाही, मध्ये काही नाहीच.

शेताच्या कडेला पंपघर आहे, तिथे खाली उतरले. मागच्या बाजूला विलोच्या झुडपात पाणी बुडबुडत होतं. छोटं. ताटाएवढं. भोवती कडं नाही, म्हणजे कोणी पाहिलेलं नाही.

ओंजळीत घेतलं.

सांगायचं तर मी तिथे काय करत होते तेही सांगायला लागलं असतं. मग बांध कायमचा बंद. मग मामा...

१३ जून

स्वच्छ होतं. जवळजवळ.

१४ जून

मामाच्या सायकलचे टायर बदलले. हँडलला पिवळी फीत गुंडाळली, कडेने दिसावी म्हणून. तो अंगणात गोल गोल फिरत होता, मान तिरकी करून, कोंबड्यासारखा. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "व्हर्जिल, पडलास तर मी उचलणार नाही हां."

"तू उचलावंस म्हणून मुद्दाम पडेन," मामा म्हणाला.

मग माझ्या कानाकडे बघत: "वेंडेलने हो म्हटलं का?"

"बघू म्हणाले."

"बांध कसा आहे?"

"ठीक."

तुलाही सांगून ठेवते — ठीक आहे. इतकी माणसं दर तीन तासांनी फिरतात. एव्हाना त्यांना दिसलं असेल. झुडपात असलं तरी दिसलं असेल.

१६ जून

३२.४. वर कॅन्ससकडे पाऊस. रुबेन म्हणतो, पुढच्या वर्षी करू. त्याला पुढचं वर्ष असतं.

१७ जून

मार्लिसकाकूला फोन लावला. तिने उचलला. मी विचारलं, सॉसेज गोड मोहरीबरोबर की साध्या? ती म्हणाली, "हे विचारायला फोन केलास?"

"हो."

"वेंडेलने चार दिवस बूट काढलेले नाहीत," ती म्हणाली. "बुटातच जेवतात, बुटातच झोपतात. बरं, गोड."

ठेवला. परत लावणार होते. पंपघर, विलो, दोन शब्द. नाव न सांगतासुद्धा सांगता आलं असतं. मग मनात आलं, चार दिवस बूट न काढणाऱ्या माणसाला जे दिसत नाही, ते मला काय दिसणार.

दुकान आतून झाडलं. बाहेरून झाडलं. पूल अर्धा चालून परत आले.

१८ जून

उतरली!!

सकाळी आठला ३३.९ होती. अकराला ३३.१. आत्ता, एक वाजता, ३२.६. तीनदा बघितलं. सव्वा फुटाहून जास्त, पाच तासांत. दुकानात एकटीच नाचले. सायकलच्या घंट्या वाजवल्या, सगळ्या, ओळीने, चौदा.

बाकी पाचही जणांना मेसेज टाकला: नदी उतरतेय! शनिवार पक्का. बॅगा भरा. मार्लिसकाकू, सॉसेज काढ.

अजून कोणाचं उत्तर नाही. आमच्या सहांतल्या स्प्रिंगफील्डच्या दोघी बहिणी एरवी अर्ध्या मिनिटात अंगठा पाठवतात. त्यांचाही नाही.

१८ जून, दोन वाजता

मामाचा फोन आला. त्याला मेसेज वाचता येत नाहीत, फोन वाचून दाखवतो. मी म्हटलं, मामा, ऐकलंस ना?

तो म्हणाला, "कुठे फुटलं?"

मी म्हटलं, काय फुटलं?

"अगं टिले, इतक्या झपाट्याने नदी आपणहून उतरत नाही. ती कोणाच्या तरी शेतात उतरते. आम्ही रुळांवर असताना पाणी असं उतरलं की मुकादम टोपी काढायचा." आणि मग, "तुम्ही पोरं टेकडीवर वाढलात. आकडे बघता. कुठे फुटलं ते बघ आधी, मग मला सांग."

एवढ्यात मार्लिसकाकूचा मेसेज आला. माझ्या त्याच मेसेजच्या खाली. सॉसेज काढ, आणि त्याच्या खाली हे:

आम्ही सगळे वर चर्चमध्ये. कुत्री आणली. बांध पंपघराच्या मागून गेला. वेंडेलने बूट काढले.

मामा फोनवरच होता. "टिले? आहेस ना?" दोनदा म्हणाला. मी ठेवून दिला.

तो वीस मैलांबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याला कळलंय. अख्खा पट्टा आता पाण्याखाली आहे, पानगळीपर्यंत तरी.

१८ जून

पुलापलीकडचा रस्ता अजून तासभर उघडा आहे, रुबेनने चौकशी केली. चर्चला जायला पुढे टेकडीवरचा हायवेच आहे. ट्रक आणि पांढरी पट्टी. हरकत नाही.

वेंडेलकाकांना आधी सांगायचं. १२ तारखेला, सकाळी सव्वासातला, विलोच्या मागे, ताटाएवढं. आणि स्वच्छ नव्हतं. फिक्या चहासारखं होतं. हातांना वास होता मातीचा, ओंजळ पँटला पुसली होती, तो डाग अजून तिथे आहे. तीच पँट घालून जातेय.

मग मामाला.

रुबेन म्हणणार, असे शंभर उमाळे असतात, त्यानेच फुटला कशावरून. मामाही तेच म्हणेल, माझ्या कानाकडे बघत. मार्लिसकाकू तर मला जवळच घेईल, ते सगळ्यात वाईट. त्याआधी पोचायचंय.

आणि तू. तूही आत्ता काहीतरी म्हणायला बघतेयस.

मिटतेय तुला.