वीस पंचकल्याणी घोडे

आप्पा, मागच्या रविवारी मी एका म्हाताऱ्या माणसाच्या कामातली चूक चारचौघांत दाखवली आणि ती दाखवताना मला बरं वाटत होतं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणेल, अगदी बापावर गेलाय. म्हणून तुम्हालाच लिहितो. तुम्ही कंपनीच्या बसमधून उतरलात आणि फाट्यावरच खाली बसलात ते उठलाच नाहीत, तेव्हा मी दहावीत होतो. शाळा तिथेच सुटली. आता मला तिसावं लागलंय. लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानामागे कारखाना आहे, तिथे कामाला जातो. पाक लाटून झाला की तो कडक व्हायच्या आत वड्या पाडाव्या लागतात. बाकीचे नजरेनं कापतात, मी पट्टी लावतो. मालक हसतो, पण मोठ्या गिऱ्हाइकाचा माल असला की माझ्याकडेच देतो.

कामाशिवाय माझा एक नाद आहे, आणि तो तुम्हाला समजावून सांगायचा म्हणजे अवघडच. आम्ही पाच-सहा जण दर रविवारी तळेगावात जमतो. मोठ्या टेबलावर भुसा, वाळू आणि रंगवलेला काथ्या लावून रान तयार करतो, त्यात डोंगर, ओढे, खिंडी. त्यावर दोन बोटं उंचीचे सैनिक मांडतो, शिवकाळातले. टेपनं अंतर मोजून त्यांना पुढे सरकवायचं आणि फासे टाकून कोण पडलं, कोण मागे हटलं ते ठरवायचं. तुम्ही म्हणाल, दाढीमिशा आलेली माणसं आणि बाहुल्यांशी खेळतात! खेळतात, आप्पा. खेळ तीन तासांचा असतो, पण एक फौज रंगवायला वर्ष जातं. मी पहाटे उठून कामावर जायच्या आधी रंगवतो, खिडकीत बसून, वडिवळ्याच्या धरणावरून उजेड येतो तेव्हा.

आमच्यात वयानं मोठे आहेत ते सर. बँकेतून निवृत्त झालेले, पण इतिहासावर बोलायला लागले की वर्गात बसल्यासारखं वाटतं म्हणून सगळे सर म्हणतात. त्यांच्या खिशात भिंग असतं. माझं साठ जणांचं पायदळ पहिल्यांदा टेबलावर उतरलं तेव्हा त्यांनी एक सैनिक उचलला, भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "अंगरख्याचा बंद कुठल्या बाजूला बांधलायस?" मला ते ठाऊकच नव्हतं. साठच्या साठ जणांचे बंद मी आठवड्यात पुसून दुसऱ्या बाजूला काढले. पुढच्या रविवारी सर म्हणाले, "बंद ठीक आहेत, पण पटक्याचा लाल फार भडक झालाय. तेव्हा असला लाल कुठे मिळत होता?" तो उतरवला. मग ढालींच्या फुल्यांवरून. मग तलवारीच्या मुठीवरून. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, एवढं मनावर घेऊ नकोस. ते जेवायला बसले तरी भाताची शितं मोजतात." पण मी मनावर घ्यायचो. मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, बरोबर आहे म्हणून. एवढंच.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर आले. लोणावळ्यात त्यांचा दातांचा दवाखाना आहे. मोठ्यानं हसणारा माणूस, हाताला रंग तसाच लागलेला. त्यांचं काम जवळून बघाल तर तुम्ही पहिल्याच नजरेत बाजूला काढाल. कडा चुकलेल्या, कुणाची मिशी गालावर चढलेली. आणि सर त्यांच्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "वा! जीव आहे हो याच्यात." भिंग खिशातून बाहेर निघालंच नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, "सरांच्या दाढा त्यांच्या हातात आहेत ना, कसं बोलणार?" सगळे हसले, मीही हसलो. पण लोकलनं कामशेतला उतरेपर्यंत माझ्या डोक्यात तेच चालू होतं. जीव आहे म्हणे. माझ्या साठांत नव्हता का? डॉक्टरांनी मला नवा रंग दिला की मी घेत नसे. ते खेळात हरले की मला दिवसभर हलकं वाटे. असला मी झालोय.

तुम्ही कंपनीतून आलात की तुमच्या डब्याच्या पिशवीत लाल रंगाची छोटी बाटली असायची, आठवतं? नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत तुम्ही तपासणीला होतात. दिवसभर पार्ट उचलायचा, मापायचा, मापात बसला नाही तर त्याला लाल ठिपका द्यायचा आणि बाजूला टाकायचा. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवाळीत मी अंगणात किल्ला केलाय, बांधावरची चिकणमाती आणून. बाजारातले मातीचे मावळे आणलेत अकरा, आणि त्यांचे डोळे मला पटले नाहीत म्हणून काड्यांनी पुन्हा काढलेत. तुम्ही चप्पल न काढताच उकिडवे बसता आणि एकेक मावळा उजेडाला धरता. मी श्वास रोखून उभा. "धा पास," तुम्ही म्हणता. "ह्यो बघ. ह्याचा येक डोळा वर हाय, येक खाली. ह्यो रिजेक." आणि पिशवीतून बाटली काढून त्याच्या बुडाला लाल ठिपका देता. मी रडायला लागतो. आई आतून धावत येते, "अवं, सणासुदीचं पोराला रडवताय व्हय? ती काय कंपनी हाय का तुमची?" तुम्ही म्हणता, "मंग काय खोटं बोलू त्याच्यासंगं?" दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, मी उशिरा उठलो, तर किल्ल्याच्या दरवाज्यात तुमचा ठिपके द्यायचा ब्रश ठेवलेला. झिजून चार-पाच केसच राहिलेले. तुम्ही अंगावर पाणी घेत होतात, तिथूनच ओरडलात, "त्येनी काढ डोळं. लय बारीक चालतोय." मी रागानं तो डोळा दुरुस्त केलाच नाही. पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात.

आता मागच्या रविवारचं. दिवाळीच्या आधी एका शाळेच्या सभागृहात आम्ही सगळी टेबलं मांडतो आणि गावातली माणसं बघायला येतात. मधलं मोठं टेबल एकाच फौजेला मिळतं, आणि ते कुणाला द्यायचं हे सर ठरवतात. मी दोन वर्षं त्या टेबलासाठी रंगवत होतो. खिंडीतली लढाई, शंभर पायदळ, प्रत्येकाच्या डोळ्यात बुबुळ. सकाळी पोचलो तर मधल्या टेबलावर डॉक्टरांचं घोडदळ उभं होतं. नवं, वीस स्वार. सर म्हणाले, "तुझं खिडकीपाशी मांड. तिथे उजेड चांगला आहे, बारकावे दिसतील." मी मांडलं. लोक मध्ये थांबत होते. खिडकीपाशी येऊन एक बाई म्हणाली, "किती बारीक!" आणि पुढे गेली.

अकराच्या सुमारास मी मधल्या टेबलापाशी गेलो. डॉक्टर होते, सर होते, आणि खुर्चीवर डॉक्टरांचे वडील, पांढरी टोपी घातलेले, हात काठीवर. मी एक घोडा बघितला, दुसरा, तिसरा, आणि मला ते दिसलं. आतून काहीतरी गोड झालं, आप्पा. मी मोठ्यानं म्हणालो, "सर, हे वीसच्या वीस घोडे पंचकल्याणी आहेत. चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा. असा घोडा शेकड्यात एखादा असतो. अख्खी तुकडी पंचकल्याण्यांची कुठल्या पागेत होती?"

सरांनी भिंग काढलं. एकेक घोडा पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

ते शब्द मी किती वर्षं ऐकायला थांबलो होतो. आले तेव्हा त्यांचं काय करायचं तेच कळेना, कारण डॉक्टर हसत नव्हते. ते खुर्चीकडे बघत होते.

"घोडे मी रंगवलेत," म्हातारे म्हणाले. "स्वार याचे, घोडे माझे. आमच्या वडिलांचा टांगा होता लोणावळ्याला, स्टेशनवरून बंगल्यांवर माणसं सोडायचे. त्याला असलाच घोडा होता. मला घोडा म्हटलं की तोच दिसतो, त्याला मी काय करू?" मग त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता. त्यांनी कडेचा एक स्वार उचलून माझ्या हातावर ठेवला. "एवढा नेऊन बरोबर करून आण. बघून मी बाकीचे करीन. हा घरी सांगत असतो, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही म्हणून."

"दादा, राहू दे," डॉक्टर वडिलांना म्हणाले.

"राहू दे काय? चुकलं तर चुकलं."

मला त्या वेळी जे वाटलं ते लाजेपेक्षा वेगळं होतं. लाज नंतर आली. आधी वाटलं ते असं, की हे दोघं घरी एका टेबलाशी बसतात. एकजण स्वार रंगवतो, एकजण घोडा. म्हाताऱ्याचा हात हलतो, रंग बाहेर जातो, आणि मुलगा तो तसाच राहू देतो. दोन वर्षं मला वाटत होतं की मला मधलं टेबल हवंय, सरांचं कौतुक हवंय. डॉक्टरांकडे जे होतं ते खुर्चीवर बसलेलं होतं, टोपी घालून.

तो स्वार आता माझ्यासमोर खिडकीत आहे. घोड्याच्या मागच्या एका पायाचा पांढरा रंग गुडघ्याच्या वर चढलाय, आणि पोटाखाली ओल्या रंगात बोटाचा ठसा उमटलाय. शेजारी मी तो मावळा ठेवलाय, एक डोळा वर, एक खाली. आई घर लावताना दरवर्षी म्हणते, "ह्यो फुटका कशाला ठेवलायस?" तो फुटका नाही. तुम्ही कधी माझ्याबरोबर एकही रंगवला नाहीत. तुम्हाला दोन पाळ्यांतून वेळ कुठला, हे मला कळतं. पण तुमच्या हातचा रंग म्हणून माझ्याकडे एवढा तो एक लाल ठिपका आहे.

आज सकाळी तुमचा ब्रश घेऊन बसलो होतो. त्याला आता तीनच केस उरलेत. घोड्याच्या पायासाठी तपकिरी रंग कालवला आणि तो वाटीतच वाळून गेला. परवा रविवार आहे. दुपारी डॉक्टरांचा फोन आला, दादा विचारतायत, झाला का घोडा? मी सांगितलं, झालाय, पण रंग अजून ओला आहे, पुढच्या खेपेला आणतो. रंग लावलेलाच नाही, आप्पा.