वाघीण, वाटाड्या आणि पायऱ्यांचा तंटा

प्रिय अफिफा,

फोनच केला असता, पण तुझ्याकडे फोन केला की काय होतं ते मला आता पाठ झालंय. तू 'हां, बोल' म्हणतेस, तेवढ्यात आतिफ रडतो, त्याचं ऐकून तबस्सुम सूर लावते, आणि मागून रहिमाबी अम्मींचा आवाज येतो, 'पहले बच्चों को देख.' आपलं बोलणं 'हां, बोल'च्या पुढे जातच नाही. म्हणून लिहायला बसले. जुळी झोपली की थोडं थोडं वाच, घाई नाही.

मी मिलच्या वरच्या खोलीत बसलेय. खाली तुरीची डाळ पडतेय, तिची पिवळी धूळ कीबोर्डवर बसतेय, आणि पप्पांना अजूनही वाटतं की मी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करते. परवा पाहुणे आले होते. मम्मीने मोठ्या कौतुकाने सांगितलं, आमची रिद्धी गेम चालवते. काकांनी लगेच विचारलं, त्यात लोकांचे पैसे लागतात का? नाही म्हटल्यावर ते पुन्हा ढोकळ्याकडे वळले. सख्खा भाऊ असून अखिल त्यांच्यामागे उभा राहून इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं.

तू बाळंतपणाला गेल्यापासून आपल्या 'तापीकाठ'मध्ये काय काय झालं, ते तुला कोणी नीट सांगितलंच नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आपण तो बनवला तेव्हा दोघींपैकी एकीलाही चित्रं काढता येत नव्हती, म्हणून नुसत्या शब्दांचा गेम केला. फोनवर सगळ्यांनी मिळून एकाच गोष्टीत शिरायचं. कोणी लोहार, कोणी पहारेकरी, कोणी वाटाड्या. आपलं पात्र काय करतंय ते मराठीत नाहीतर अहिराणीत लिहायचं, काम तडीला गेलं की पात्र एक पायरी चढणार, आणि पायरी चढली की त्याचं बळ वाढणार. हा नियम आपण कँटीनमध्ये एक चहा संपायच्या आत ठरवला होता. जो करेल त्याला मिळेल. त्यात भांडण्यासारखं काही असेल असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

भांडण आखाजीला झालं, ऐन अक्षय्य तृतीयेच्या सणाला. मी गोष्टीत मोठी जत्रा भरवली होती. झोके होते, गाणी होती, आणि संध्याकाळी दरोडेखोरांची टोळी जत्रेवर चालून येणार होती. त्या टोळीवर मी कितीतरी दिवस खपले होते. म्होरक्याला एक हळवी बाजू दिली होती, त्याच्या घोड्यालासुद्धा नाव होतं. टोळी वेशीपाशी आली आणि वाघीण पुढे झाली. वाघीण हे पात्र तुला आठवत असेल, तू सोडलंस तेव्हा ती मधल्या पायऱ्यांवर होती. आता ती इतकी वर पोचली होती की तिने तीन ओळी लिहिल्या आणि टोळी संपली. बाकीच्यांचं टायपिंगसुद्धा झालं नव्हतं. म्होरक्याचा हळवेपणा त्याच्याबरोबरच गेला.

मग जितेंद्रने लिहिलं. तू त्याला ओळखत नाहीस. तो सोनगीरचा, धुळे डेपोला कंडक्टर आहे, आणि आपल्या गेममध्ये वाटाड्या आहे. गाडी स्टँडवर लागली की तेवढ्यात जे जमेल ते तो लिहितो. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "बठ्ठं त्या वाघीणनंच करानं, मंग आम्ही आठे कसाले शेतस?" सगळं तीच करणार तर दिवसभर ड्युटी करणाऱ्याने इथे कायम मागेच राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या का, असंही पुढे लिहिलं. त्याला भराभर दुजोरा मिळाला. वाघिणीचं उत्तर थोडक्यात आलं. 'मी कोणाचं हिसकावलं नाही. मी केलं, ते मला मिळालं.'

अफिफा, मला दोघांचंही पटलं, आणि पंचाईत तीच होती. सगळ्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर आणा, असं काहीजण म्हणायला लागले. पण वाघीण एकेक पायरी स्वतः चढलेली. ती काढून घेणं म्हणजे कोणाचं तरी पिकलेलं शेत सगळ्यांसाठी सारखं करायचं म्हणून नांगरून टाकणं. आणि नाही काढली, तर नवीन येणारा माणूस दोन दिवसांत कंटाळून निघून जाणार. जात होतेच.

मी आधी सोपा उपाय केला. एका दिवसात जितकं बळ मिळवता येईल त्याला मर्यादा घातली. अखिल म्हणाला, आता सगळे सारखे. आठवड्याभरात जितेंद्र आणखीच चिडला. त्याला निवांत वेळ मिळतो तो सुटीच्या एका दिवशी, आणि त्याच दिवशी मी त्याचे हात बांधले होते. वाघीण मात्र रोज थोडं थोडं चढतच होती. ज्याच्यासाठी नियम केला, नेमका त्यालाच तो लागला.

त्याच सुमारास वाघिणीने मला एकटीला लिहिलं. म्हणाली, मला पहिल्या पायरीवर आणायचं असेल तर आण, मी रुसणार नाही. पण त्याआधी एकदा घरी येऊन जा. पत्ता मुक्ताईनगरचा होता. मी गेले. दार उघडंच होतं. आत पलंगावर लताबाई बसल्या होत्या, वय साठीच्या पुढचं, शेजारी वॉकर, उशीवर फोन. सरकारी दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्या आणि अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलं. त्या उठल्या नाहीत, पण मला इतक्या जवळ बसवलं की मी त्यांच्या पायावरच बसतेय की काय असं वाटलं. "बस वं पोरी. मले वाटलं, चष्मेवाली कोनी म्हातारी बाई असशील."

मी चाचरत विषय काढला. त्यांनी मध्येच थांबवलं. दरोडेखोर मारण्यात मला काही गोडी नाही, म्हणाल्या. बाहेर जाता येत नाही, म्हणून मी त्या डोंगरात फिरते. फिरता फिरता पायऱ्या चढत गेल्या, मी काय करू? मग त्यांनी जे सांगितलं ते तुझ्यासाठी आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते. "सुरवातीले मले मराठी टाइप करता येत नव्हतं. सगळे पुढं निघून जायचे. एक हकीमचाचा होता, तो नदीकाठी थांबायचा. माही एक ओळ व्हयेपर्यंत थांबायचा. म्हनायचा, पानी वाढलंय आज, सावकाश चला बाई. पानी कुठचं वाढलेलं? त्याच्यासाठीच तं मी दुसऱ्या दिवशी आली."

मी त्यांना सांगितलं की तुमचा तो पांढऱ्या दाढीचा हकीमचाचा ही माझी मैत्रीण आहे, वय सत्तावीस, आणि सध्या तिला दोन तान्ही बाळं आहेत. तोंडावर पदर धरून लताबाई इतका वेळ हसत राहिल्या की त्यांचा भाचा अमृत काय झालं म्हणून आतून धावत आला.

परतीच्या बसमध्ये मला आपला नियम पहिल्यांदा नीट दिसला. नदीकाठी तू थांबायचीस तेव्हा हकीमचाचाला गेमने काहीच दिलं नव्हतं. वाट बघणं हे आपल्या हिशेबी काम नव्हतंच. मारलं, जिंकलं, आणलं, याला बळ होतं. कोणाला तरी सोबत नेलं, याला शून्य. मग माणसं एकेकटी वर गेली यात नवल काय?

नवीन नियम मी लताबाई आणि जितेंद्र, दोघांनाही वेगवेगळे पाठवले. जितेंद्र म्हणाला, असं फोनवर नको, सगळे समोरासमोर बसू, सोनगीरला या. आषाढातल्या एका रविवारी आम्ही जमलो. जळगावहून, धुळ्याहून, पारोळ्याहून माणसं आली. गड चढायचा बेत होता, पण लताबाई अमृतच्या गाडीतून उतरल्या आणि वॉकर घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कोणीच वरचं नाव काढलं नाही. पायथ्यालाच सतरंज्या घातल्या. जितेंद्रच्या घरून शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या होत्या, माझ्यासाठी बिनकांद्या-लसणाची वेगळी वाटी होती, वर झाकण ठेवून.

जितेंद्र योगायोगाने लताबाईंच्याच शेजारी बसला. त्याला वाटलं ही कोणाची तरी आई. भाकरी मोडत त्याने त्यांना सगळं गाऱ्हाणं सांगितलं: ती वाघीण कशी आहे, तिला घरात काही कामधंदा कसा नसणार, एकदा समोर आली तर मी तिला काय काय ऐकवणार आहे. लताबाई त्याला वाढत राहिल्या. "घे अजून. मंग? मंग काय केलं तिनं?" बिचारा रंगात येऊन सांगत गेला. शेवटी त्याने विचारलं, "मावशी, तुमनं पात्र कोनतं शे?" त्या म्हणाल्या, "वाघीण." त्याने हातातला घास ताटात ठेवला, हात पुसले आणि त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला पाठीत एक धपाटा घातला. त्यानंतर त्या सभेत चिडायला कोणाला फारसं जमलं नाही.

नियम मी तिथेच वाचून दाखवले. कोणाचीही पायरी काढायची नाही. पण मधल्या पायरीनंतर बळ वाढणार नाही, विद्या वाढतील. वाघिणीला पोहणं येईल, पावा वाजवता येईल, जुने शिलालेख वाचता येतील, पण तिचा वार आणखी जड होणार नाही. त्याच्याही वर जायचं असेल तर एकट्याने जाता येणार नाही. खालच्या पायरीवरचा कोणी तुमच्या सोबतीने चढला, तरच तुम्ही चढाल. आणि जो काही काळ येऊ शकला नाही, त्याचा विसावा साठत राहील. परतल्यावर त्याची सुरुवातीची कामं त्याला भरभरून फळ देतील, म्हणजे रविवारी खेळणारा रोजच्या माणसाच्या हाकेच्या अंतरावर राहील.

जितेंद्रनेच आक्षेप घेतला. वर पोचलेल्याने काय शिकवणी लावायची का, म्हणाला, आणि उद्या कोणी खोटे शिष्य उभे केले तर? त्यावर तासभर खल झाला. शेवटी ठरलं की सोबत झाली की नाही हे खालच्या माणसाने सांगायचं, वरच्याने नाही. किरण नावाचा एक मुलगा होता, वाघिणीच्या खालोखाल त्याचंच पात्र. तो म्हणाला, मी वर चढलो ते दुसऱ्यांना ओढायला नाही. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. तो जेवून गेला, पण त्या दिवसानंतर गेममध्ये आला नाही. मला त्याची चुटपूट आहे. सगळ्यांना आवडेल असा नियम मला सापडलेला नाही.

पण श्रावणात, कानबाईच्या सणाच्या दिवसांत, मी टोळी पुन्हा आणली, ते तू बघायला हवं होतंस. म्होरक्या नवा, घोडा तोच. वाघीण वेशीवर उभी राहिली आणि तिने लिहिलं, 'मी दार धरते, पुढे तुम्ही व्हा.' नव्याने आलेल्या दोन मुली होत्या, एक कुंभारीण, एक गाणारी. घाबरत घाबरत त्या पुढे झाल्या. वाटाड्याने टोळीला चुकीच्या नाल्यात नेलं. पारोळ्याच्या स्टँडवरून लिहीत होता, मध्येच गाडी सुटायची झाली तसा 'डबल बेल दिधी, येस मी', म्हणजे येतोच, असं लिहून गायब झाला आणि सगळी लढाई त्याच्यासाठी एरंडोलपर्यंत खोळंबली. दरोडेखोरसुद्धा थांबले, कारण दरोडेखोर मीच होते. कुंभारणीने नाल्याच्या तोंडाशी मडक्यांची उतरंड रचली, घोडा बुजला, म्होरक्या चिखलात पडला आणि गाणारीने त्याच्यावर तिथल्या तिथे गाणं रचलं. तीन ओळींत संपणारी लढाई अख्खी संध्याकाळ चालली. मी इतकी हसत होते की पप्पा वर येऊन विचारून गेले, कॉम्प्युटरमध्ये काही सापडलं का. त्या दोघी मुली एक पायरी चढल्या, आणि त्यांनी सांगितलं म्हणून वाघीणही चढली. लताबाईंनी खाली लिहिलं, 'ही पायरी गोड लागली.'

आता मी हे सगळं का लिहितेय ते. गेल्या आठवड्यात तुझा मेसेज आला. हकीमचाचाला एखाद्या चांगल्या प्रसंगात मरण दे, सगळे फार पुढे गेले, आता माझ्याने काही व्हायचं नाही, असं तू लिहिलंस. तू सांगितलंस म्हणून मी खरोखर बसले. नदीला पूर आणला, चाचाला काठावर उभं केलं, आणि पुढची ओळ काही केल्या सुचेना. म्हणून ती ओळ सोडून हे पत्र लिहिलं. मी त्याला मारणार नाही, अफिफा. शनिवारी जितेंद्रच्या गाडीने धुळ्याला येतेय. तबस्सुमला मी घेईन, आतिफला त्याचे अब्बा, मोईजभाई, घेतील, अम्मींना मी आधीच सांगून ठेवलंय. तू फोन हातात घे आणि एकच ओळ लिही. एवढी एक ओळ लिहायला तुला सबंध दुपार लागली तरी चालेल. लताबाई काठावर थांबल्या आहेत. पाणी वाढलंय म्हणे आज.

तुझीच,
रिद्धी