न्यायला कोणी आले नाही

३ मार्च
चाळिशी उलटल्यावर पहिली नोकरी! फोटो स्टुडिओ आहे, चष्म्यांच्या दुकानाच्या वर. जिना अरुंद, पण खोलीत ऊन छान येतं. मालकांच्या वडिलांनी काढलेले जुने फोटो स्कॅन झालेत. प्रत्येक फाइलच्या पोटात तारीख, स्टुडिओचं नाव आणि दोन ओळी वर्णन भरायचं, हे माझं काम. तेही माउसने नाही, लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मालक म्हणाले, ताई, सायकल पुस्तक वाचून येते का? पडा, उठा. फक्त गिऱ्हाइकांच्या अंगावर पडू नका.
वसतिगृहावर फोन करून ठमीला सांगितलं. लेक म्हणाली, आता वर्गात सांगते, माझी आई हॅकर आहे. सोळाला तिची परीक्षा संपते. दुपारी न्यायला येते म्हटलंय.

६ मार्च
सरावाला ठमीचाच फोटो स्टुडिओच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये घेतलाय. गालावर शाई, पुढचा दात गायब. तारीख बदलून तिला आधी म्हातारी केलं, मग तिच्या जन्माच्याही मागे नेलं, मग परत जागेवर आणलं. एकटीच हसत बसले.
काळ्या खिडकीतलं हे हत्यार गुणी आहे. काहीही बदलण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवतं. पण त्या प्रतींचा केवढा पसारा! आवरायची खोड काही जात नाही. ‘प्रत ठेवू नकोस’ असं सांगणारा शब्द शोधला आणि हुकुमाला जोडून टाकला.

९ मार्च
घोळ घातला. एका फोटोची माहिती दुसऱ्यावर उतरवता येते, हे नवीन कळलं होतं. एका मुलीच्या फोटोत मालकांनी सगळं नीट भरलेलं होतं, म्हणून तिला नमुना धरलं. फोल्डरातल्या सगळ्यांवर उतरव, असं लिहून एंटर मारलं. स्टुडिओचं नाव सगळीकडे चढलं. सोबत तिच्या वर्णनाची ओळही चढली: न्यायला कोणी आले नाही.
मालकांनी सांगितलं, त्या मुलीला फोटोसाठी खुर्चीत बसवून घरचे खाली गेले ते गेलेच. मालकांचे वडील चौकशीला बाहेर पडले. परत आले तर खुर्ची रिकामी. जिन्यावरून उतरताना तिला कोणी पाहिलं नाही. मग माझं तोंड बघून म्हणाले, नवशिक्याला एक खून माफ. स्टुडिओच्या मूळ फायलींच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर आहेत.
ठमीचा फोटो तेवढा तिथे नव्हता. तिची ओळ मी हाताने पुसली.

१० मार्च
ओळ परत आली आहे. पुसली, तपासली, गेली होती. जेवून आले तर आहे.

१३ मार्च
वसतिगृहाच्या बाई फोनवर म्हणाल्या, ठमीला घरचं कोणी नाही, तुम्ही कोण? म्हटलं, नऊ महिने पोटात वागवली ती मी. त्या अगदी मायेने म्हणाल्या, असे फोन करत जाऊ नका.
रडले नाही. ठमीची सगळी माहिती परत भरायला बसले. जन्मवेळ. पहिला शब्द. कुठल्या कुशीवर झोपते. वर्णनात लिहिलं: आई येते आहे. ते पुसून तीच ओळ आली. मी पुन्हा लिहिलं.
अगं, रोज विस्कटणारं घर मी वीस वर्षं रोज आवरलंय. तू काय मला दमवणार?

१५ मार्च
मालकांनी दारात अडवलं. गिऱ्हाईक समजून विचारलं, फोटो काढायचाय का? म्हटलं, अहो, मी— ते म्हणाले, बसा, त्या खुर्चीत बसा.
बसले नाही.

१६ मार्च
बसमध्ये. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. एकाने माझ्या मांडीवर पिशवी ठेवली, जागा रिकामी समजून. उचलून त्याच्याच पायावर आदळली. दचकला. दचकू दे.

१६, दुपार
ठमी बाकावर बसली आहे. पिशव्या बांधलेल्या. मी समोर उभी, आणि ती माझ्यातून आरपार दाराकडे बघतेय—
बाई म्हणाल्या, कोणी येणार नाही गं राणी, आत चल. ठमी म्हणाली, येईल. मला माहितीये, येईल.
सोबत आणलेला लॅपटॉप उघडून पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच ओळ आली. लॅपटॉप मिटला. हिला जन्म दिला तेव्हा कुठे हुकूम टाइप केला होता?

तिचा हात धरलाय. वही बाकाच्या कठड्यावर, डाव्या हाताने लिहितेय, अक्षर—
बाई विचारताहेत, मूठ का आवळलीस? ठमी म्हणते, काही नाही.
पण सोडत नाहीये. घट्ट धरलंय पोरीने.
बाई तिचा दुसरा हात ओढताहेत. ओढा. मी नाही सोडणार. फाटक समोर आहे— ऊठ, बाळा, चल— उठली— एक पाऊल— बोटं दिसत नाहीत माझी, पण ती अजून—