जुन्या घरांचं राहू द्या

बेकर्स क्रीक, विस्कॉन्सिन
फेब्रुवारीतला रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप डेलोरिस वहिनींना धाकट्या दिराचा, म्हणजे क्लॅरेन्सचा, मान खाली घालून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? बर्फ उपसायला शेजाऱ्यांना सांगा, स्वतः फावडं हातात घेऊ नका. नेलची साखर ताब्यात आहे ना? पोरगी शाळेत सुई टोचून घ्यायचा कंटाळा करते असं मागे म्हणाला होतात, तिला काकाचा दम द्या. (काकाचा दम आता कितपत चालेल कोण जाणे.) आमच्याकडे सगळं क्षेम आहे. तुमची धाकटी जाऊ मार्लिस मजेत आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिची बरीच कामं उरकतात. ती का बोलत नाही हे सांगायलाच हे पत्र. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही ऐकून घेता आणि गप्प राहता, आणि गप्प माणसासमोर माझं काय होतं ते पुढे येईलच.

ऑर्विलदादा हायवेवर अपघाताच्या जागी इशाऱ्याचे दिवे मांडताना गेला, तेव्हापासून गावच्या नियमाने तुमचा आणि नेलचा आरोग्यविमा चालू आहे, आणि येत्या उन्हाळ्यात तो बंद होतो आहे. मग नेलचं इन्सुलिन कुठून आणायचं, या एका प्रश्नावर आपण गेल्या थँक्सगिव्हिंगला टर्की गार होईपर्यंत बोललो. त्या दिवशी मी छाती ठोकून सांगितलं होतं की पोलीस युनियनने विधेयक आणलंय, ड्युटीवर गेलेल्या पोलिसाच्या घरच्यांना आयुष्यभर विमा मिळणार, मी स्वतः राजधानीत जाऊन आमदारांना भेटतो, तुम्ही निर्धास्त राहा. वहिनी, निर्धास्त राहू नका.

झालं असं, की वर्षातून एकदा आमची युनियन सगळ्या गावांतून माणसं गोळा करून राजधानीत, मॅडिसनला नेते. त्या दिवशी समारंभाचा गणवेश घालायचा, पांढरे हातमोजे घालायचे, आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या सिनेटरच्या दारात ताटकळत उभं राहायचं. (माझा गणवेश लग्नाच्या वर्षीचा. कोटाचं मधलं बटण मॅडिसन यायच्या आतच गाडीत कुठेतरी उडालं ते पुन्हा दिसलं नाही. त्यामुळे पुढे जे जे घडलं त्यात मी एक हात पोटावर धरून उभा होतो हे डोळ्यांपुढे ठेवून वाचावं.) आमचा पुढारी वॉल्टर ब्रँडल, निवृत्त कॅप्टन, युनियनचा राजधानीतला माणूस. कुठल्या आमदाराला कॉफीत किती साखर लागते इथपासून त्याला सगळं ठाऊक. त्याने गाडीतच आमची शिकवणी घेतली. आत जायचं, नाव सांगायचं, विधेयकाबद्दल थोडक्यात बोलायचं, मग सरळ विचारायचं, "तुमचं मत आम्हाला मिळेल का?" आणि तोंड मिटायचं. समोरचा काही बोलेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. आधी बोलला तो मेला.

मला हसूच आलं. ही विद्या तो मला शिकवत होता. अहो, चौकशीच्या खोलीत माझी सारी हयात त्याच विद्येवर गेली. चर्चच्या शुक्रवारच्या फिशफ्राय-जेवणाचा गल्ला मारणाऱ्या त्या लांबुडक्याला मी एक प्रश्न विचारला होता आणि मग नुसतं संत्रं सोलत बसलो होतो. संत्रं संपायच्या आत त्याने गल्ला तर कबूल केलाच, वर मेव्हण्याची मोटरबोटही आपणच पळवल्याचं सांगून टाकलं. मी ब्रँडलला म्हणालो, साहेब, गप्प बसायचं काम माझ्यावर सोडा. त्याने सोडलं. तिथंच घात झाला.

त्याच शिकवणीत ब्रँडलने आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली होती. सरकार पैशांवर अडलंच, तर अगदी शेवटच्या क्षणी युनियन एक पाऊल मागे जाईल : विमा फक्त कायदा झाल्यानंतरच्या घरांना, आधीची घरं सोडून द्यायची. "हे या गाडीबाहेर गेलं तर मी एकेकाला बघून घेईन," असं तो म्हणाला. आधीचं घर म्हणजे तुमचं घर. पण तशी वेळ मी येऊच देणार नाही असा मनाशी निश्चय केला आणि डोनट खाल्ला.

विधेयक जिच्या समितीत अडकलं होतं ती सिनेटर हाल्वर्सनबाई. लहानशी, पांढऱ्या केसांची, खांद्यावर स्वेटर टाकलेली. मी झकास बोललो, वहिनी. दादाचं नाव न घेता दादाबद्दल बोललो. मग प्रश्न विचारला आणि गप्प झालो. बाईही गप्प. मी चौकशीच्या खोलीतली नजर लावली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तसं असतं तर मी टिकलो असतो. हा मुलगा शेवटी खरं बोलेलच, तोवर आपल्याला घाई नाही, अशा मायेने पाहिलं. (राजकारणात येण्याआधी बाई तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, हे ब्रँडलने आम्हाला परतीच्या वाटेवर सांगितलं.) माझे कान तापले. पोटावरचा हात घामेजला. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "बाई, म्हणजे मॅडम, सगळ्यांचं जमत नसेल तर जुन्या घरांचं राहू द्या."

बाई तरीही काही बोलेनात. म्हणून मी पुढे सांगितलं की आम्ही दिलेला खर्चाचा अंदाज जरा कमीकडे ओढलेला आहे. मग सांगितलं की आमची गाडी आमदारांसाठी राखलेल्या जागेत उभी आहे. मग, गेल्या निवडणुकीत आपण त्यांना मत दिलं नव्हतं, हेही. ब्रँडलने माझ्या बुटावर बूट दाबला नसता तर लहानपणी दादाने आणि मी पाद्र्याच्या गाडीत कोंबडी कोंडली होती तेही निघालं असतं. बाईंनी शांतपणे माझे आभार मानले, मग सर्वांसोबत फोटो काढला.

परत येताना गाडीत ब्रँडल म्हणाला, "ड्वोराक, इतकी वर्षं तू चोरांना बोलतं करत होतास म्हणे. ते सगळे आधीच बोलायला बसले असतील रे." मी मान डोलावली. पण खरी शरम पुढेच आहे. दोन दिवसांत विधेयक हललं, सुनावणीची तारीख पडली, आणि त्यात नवी ओळ आली : फक्त यापुढच्या घरांना. झालं, युनियनवाले खूश. इतकी वर्षं धूळ खात पडलेलं काम ड्वोराकने एका भेटीत पुढे सरकवलं म्हणे. शुक्रवारी फिशफ्रायला सगळे माझ्यासाठी उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. मार्लिस मात्र उभी राहिली नाही. मला मासा गिळवेना. मी तिथं उठून सांगायला हवं होतं की लोकहो, मी माझ्याच भावाचं घर विकून आलोय. पण नेमका तेव्हा मी गप्प बसलो, आणि मला ते उत्तम जमलं.

असो. घडलं ते सगळं, काही न लपवता लिहिलं आहे. मोठ्या मनाने वाचावं. नेलला आशीर्वाद.

तुमचा,
क्लॅरेन्स

ता. क. युनियनच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर बाईंबरोबरचा फोटो येतो आहे. त्यात मी हसतो आहे आणि पोट धरून उभा आहे. अंक आला तर नेलच्या हाती पडू देऊ नका.

ता. क. २. सुनावणी येत्या गुरुवारी आहे. तिथं कुणालाही बोलता येतं आणि ती ओळ अजून काढता येते. ब्रँडलने बाईंच्या कचेरीत विचारलं, तर उत्तर आलं की एखाद्या जुन्या घरचं माणूस आलं तर बाई जरूर ऐकतील, मात्र त्या बटणवाल्या गृहस्थांनी पुन्हा बोलण्याची गरज नाही. वहिनी, तुम्ही याल का? दादाच्या दफनानंतर तुम्ही म्हणाला होतात की गणवेशवाल्यांनी भरलेल्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. ते मी विसरलेलो नाही. गाडी घेऊन मी येईन. वाटेत बोलायचं नसेल तर नका बोलू.

ता. क. ३. काही न लपवता लिहिलं असं वर म्हटलंय, ते खरं नाही. जुन्या घरांचं राहू द्या असं मी म्हटल्यावर बाई अगदीच गप्प नव्हत्या. त्यांनी एक प्रश्न विचारला होता : "या जुन्या घरांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?" आपल्याच घरासाठी मागायला आलोय असं त्यांना वाटू नये, म्हणून मी नाही म्हणालो. गुरुवारी तुम्ही तिथं आडनाव सांगाल तेव्हा बाई माझ्याकडे बघतील. बघू देत. तुम्ही थांबू नका, पूर्ण नाव सांगा, दादाचंही सांगा.