त्या हेराला दुखतं, हे तुम्ही आधी सांगितलंत

बाबा,

तुमचा तो सिनेमातला इंग्रज हेर आता नवा करून आणलाय. परवा भाचीनं मला चंद्रपुरात नेऊन दाखवला. सुटाची इस्त्री न मोडता विमानातून उडी मारणारा माणूस गेला. त्याच्या जागी नाक फुटलेला, दाढी वाढलेला एक जण आहे. मारामारी झाली की तो जिन्यावर बसतो, आणि बोटं थरथरतात म्हणून त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. मध्यंतरात मागच्या रांगेतला एक शहाणा मित्राला सांगत होता, "पहिल्यांदाच याले माणूस बनवलं ना भाऊ." मी वळून म्हटलं, "पहिल्यांदा नाही. पन्नास वर्षांपूर्वी मुलचेऱ्याच्या बाजारातल्या तंबूत बनवला होता." भाची म्हणाली, "मावशी, हळू नं." तिथं मोठ्या तोंडानं बोलले खरी, पण तुमची बाजू घेऊन भांडायचा हक्क मला नाही, हे घरी येईपर्यंत चांगलं टोचत राहिलं.

तुम्ही फिरत्या टॉकीजचे ऑपरेटर. झिजलेली इंग्रजी रिळं मालकाला स्वस्तात मिळायची, आणि दिवसभर तेंदूपत्ता तोडून तंबूत जमिनीवर येऊन बसलेल्या माणसांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. म्हणून मशीनपाशी उभं राहून माईकवर तुम्ही गोष्ट सांगायचात. इंग्रजी तुम्हालाही येत नव्हतं. तुम्ही नुसतं त्या माणसाकडे बघायचात. पडद्यावर तो ऐटीत सिगारेट पेटवतो, आणि तुम्ही सांगता, "हात थरथर कापून राह्यले त्याचे. कोणाले दिसू नाई म्हणून सिगारेट काढली." तो हसत गाडीत बसतो, तुम्ही म्हणता, "बरगडीले लागलं हाये. पण साहेबाची नोकरी हाये बाप्पा, कण्हता येत नाई." पुढं बसलेली एखादी बाई विचारते, "घरी कोणी नाई का याले, भाऊ?" "माय हाये नं. पत्र नाई धाडत तिले. धाडलं तं दुश्मन तिच्या घरी जाते." तंबूभर चुकचुक होते. गोळीबार सुरू झाला तरी दोघी-तिघी अजून त्या आईबद्दलच बोलत असतात.

नववीच्या उन्हाळ्यात मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला आले होते. सिस्टर मला वर्गात उभं करून इंग्रजी धडा वाचायला लावतात, हे तुम्ही गावोगाव सांगून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी तुम्ही धुतलेला शर्ट घातला होता. सिनेमा सुरू झाला आणि तुम्ही माईकवर म्हणालात, "आज मी नाई सांगत. माही पोरगी सांगन. तिले खरंखुरं इंग्रजी येते." माईक माझ्या हातात दिलात. मी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "माझे वडील तुम्हाला आजवर खोटं सांगत आले. त्यांना इंग्रजीचा एक शब्दही कळत नाही. हा माणूस घाबरलेला नाही, आणि याची आई या सिनेमात कुठेही नाही." पुढची एक म्हातारी वळलीसुद्धा नाही. "आमाले मालूम हाये माय, भाऊले नाई येत ते. तुले येते नं? मंग सांग." मी माईक टेबलावर आपटला आणि अशा अडाण्यांशी काय बोलायचं, असं तोंड करून बाहेर पडले. मागे सिनेमा चालू होता. त्यात तुमचा आवाज नव्हता.

त्यानंतर तुम्ही माईक हातात घेतला नाहीत. मालकाला हिंदी सिनेमे आणायला लावलेत. मला वसतिगृहावर सोडताना म्हणालात, "तुहं बरोबर होतं बाई. येत नाई तं बोलू नाई माणसानं." तुम्ही चिडला असतात तर मी तिथंच चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. तुम्ही माझी ट्रंक उचलून आत ठेवलीत. पुढं कितीतरी वर्षांनी याच भाचीला साधी वाघाची गोष्ट सांगतानाही तुम्ही मधेच थांबून माझ्याकडे बघायचात, "बरोबर सांगून राह्यलो नं?" आणि मी, जन्मभर इंग्रजी शिकवणारी मास्तरीण, मान हलवून तुम्हाला पास करायची. ती पोर वाघाचं पुढं काय झालं म्हणून तुमचा गुडघा हलवत बसायची.

तिला मी यातलं काही सांगणार नाही, आणि हा कागद तिच्या हाती लागू देणार नाही. तुम्हाला मात्र सांगते. परवा पडद्याखाली इंग्रजी अक्षरं येत होती, मी ती वाचत होते. तेव्हा तुमच्या तंबूत तशी अक्षरं नव्हती. आमच्या केरळच्या सिस्टर बोलत तसं पडद्यावरचे लोक बोलत नव्हते. भराभर, तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललं होतं. माईक हातात घेऊन मी उभी होते आणि मला 'यस' आणि 'नो' यापलीकडे काही कळत नव्हतं, बाबा.